नथ्थूजींची एकच चव

अमरावती-अकोला सर्व्हिस मोटारीवर मी कंडक्टर म्हणून लागलो, त्या पहिल्याच सकाळी माझ्या पायावर रस्सा सांडला. सांडणारे गृहस्थ डायव्हरच्या शेजारी बसले होते. डोक्याला पांढरं मुंडासं, अंगात बंडी आणि मांडीवर पितळेचा कडीचा डबा. बडनेऱ्याच्या पुढं मोटार एका खड्ड्यात उसळली, डबा डचमळला आणि माझ्या कोऱ्या खाकी पँटीवर तर्रीचा लाल ओघळ आला. मी तोंड उघडायच्या आत त्या गृहस्थांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "थोडाच गेला. नमुन्यापुरता हाय."

माझ्या पायाकडे त्यांनी पाहिलंही नाही. डायव्हर गफ्फारभाई गालात हसले. नंतर उतरल्यावर त्यांनी मला सांगितलं की, हे नथ्थूजी. या रस्त्यावर चार ठिकाणी यांची हॉटेलं आहेत. हा माणूस रोज एका हॉटेलातला रस्सा दुसऱ्या हॉटेलात नेऊन चाखून बघतो, सारखा लागतो की नाही ते. पँटीचा विचार सोड, आठवड्यात सवय होईल.

सवय झाली. पुढची कितीतरी वर्षं माझ्या पँटी त्या रश्शाच्या रंगाच्याच होत्या.

नथ्थूजी मूळचे बडनेऱ्याचे माळी. गावाबाहेर रस्त्याला लागून त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. वांगी अमरावतीच्या बाजारात जात. मोटारी नव्या नव्या निघाल्या तेव्हा त्यांचं इंजिन फार तापायचं. दर काही मैलांवर गाडी वाफा सोडत उभी राही आणि डायव्हर पाण्यासाठी विहीर शोधत फिरे. गफ्फारभाईंची मोटार नेमकी नथ्थूजींच्या विहिरीसमोर तापायची. इंजिन थंड होईपर्यंत प्रवासी निंबाखाली बसत. एके दिवशी नथ्थूजींच्या बायकोनं, गयाबाईंनी, मळ्यातल्या माणसांसाठी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. वास निंबाखाली पोचला. एका प्रवाशानं विचारलं, दोघांनी मागितलं, आणि मोटार थंड होऊन गेली तरी चौघं जण भाकरीसाठी मागं राहिले. दुसऱ्या दिवशी गयाबाईंनी रश्शाचा मोठा गंज चुलीवर ठेवला.

दुसरा कुणी असता तर त्यानं तिथं एक छप्पर टाकून समाधान मानलं असतं. नथ्थूजी मात्र आठवडाभर त्याच मोटारीतून अकोल्याला जाऊन-येऊन राहिले. सोबत चुना फासलेले दगड घेतलेले. गाडी जिथं तापेल आणि गफ्फारभाई इंजिनाच्या टोपणाला फडकं लावायला उतरतील, तिथं नथ्थूजीही उतरत आणि रस्त्याच्या कडेला एक दगड ठेवून परत बसत. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांत जास्त दगड तीन ठिकाणी जमले होते: लोणी, मूर्तिजापूर आणि बोरगाव मंजू. नथ्थूजींना मुलीही तीनच होत्या. पूर्णा, तापी आणि गोदा. ते गफ्फारभाईंना म्हणाले की, हा देवाचाच हिशोब दिसतो.

मुलीचं लग्न झालं की तिच्या नावानं एक हॉटेल उघडायचं आणि जावयासकट तिला तिथं बसवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. आता असा जावई निवडायचा कसा? नथ्थूजींनी पत्रिका पाहिल्या नाहीत, शेती विचारली नाही. मुलगा बघायला आला की ते त्याच्यापुढं रश्शाच्या दोन वाट्या ठेवत आणि कोणती चांगली म्हणून विचारत. दोन्ही वाट्या एकाच गंजातल्या असत. अचलपूरकडचा एक चांगला शिकलेला मुलगा सासऱ्याला खूश करावं म्हणून म्हणाला की दुसरी जास्त खुमासदार आहे. त्याला नथ्थूजींनी पाहुणचार करून मोटारीत बसवून दिलं. पूर्णा आणि तापीच्या नवऱ्यांनी खरोखर चाखून सारखंच लागतं म्हणून सांगितलं. गोदाच्या वेळी दामोदर नावाचा मुलगा आला. त्याला इतकं पडसं झालेलं होतं की वाटीत रस्सा आहे की काढा, हेही त्याला कळत नव्हतं. तो म्हणाला, "मले तं दोन्ही सारकंच लागून राहिलं." नथ्थूजींनी तिथंच सुपारी फोडली. खरा प्रकार लग्नानंतर महिन्यानं कळला. तोपर्यंत दामोदर सगळ्यांना आवडायला लागला होता.

सारखेपणाचं हे वेड कुठून आलं ते मला कधीच कळलं नाही. चार ठिकाणी चार चवी असतील तर माणूस चार वेळा फसतो, असं ते म्हणत. बडनेऱ्याला जेवलेल्या माणसाला बोरगावला बसल्यावर वाटलं पाहिजे की आपण अजून बडनेऱ्यातच आहोत. एका प्रवाशानं कपाळाला हात लावून विचारलं की मग प्रवास कशाला केला. त्यावर नथ्थूजींनी त्याला आणखी एक भाकर वाढली.

हॉटेलांचं नावही त्यांनी तसंच ठरवलं: एकचव उपाहारगृह. पाटी रंगवायला अमरावतीहून रंगारी आणला. रंगाऱ्यानं जागेचा अंदाज चुकवला आणि मध्ये भलतंच अंतर सोडून 'एकच व उपाहारगृह' असं लिहिलं. नथ्थूजींना वाचता येत नव्हतं. पाटी चकचकीत झालेली बघून त्यांनी उरलेल्या तीन पाट्या हुबेहूब तशाच करायला सांगितल्या, आणि रंगाऱ्यानं हुबेहूब तशाच केल्या. पुढं लोणीच्या शाळामास्तरांनी त्यांना चूक समजावून सांगितली. नथ्थूजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चारी ठिकानी सारकीच चूक हाय ना? मंग थे चूक कशी?" तेव्हापासून कुणी विचारलं की ते सांगत, व म्हणजे वऱ्हाडाचा व.

गिऱ्हाइकांशी त्यांची भाषा फारशी गोड नव्हती. त्या काळी हॉटेलात शिरण्याआधी ते कुणाचं, असं विचारणारे पुष्कळ असत. कुणी विचारलं की नथ्थूजी वाढता वाढताच म्हणत, "माळ्याचं हाय. खाचं असन तं बसा, नाई तं मोटारीत जाऊन बसा." विचारणारा बहुधा बसे, कारण मोटारीत ऊन फार असे.

पण चवीच्या बाबतीत त्यांची जीभ खरोखर मोठी होती. एकदा भातकुलीला एका लग्नात मी त्यांच्या शेजारी पंगतीत बसलो होतो. भाजीचा दुसरा घास घेऊन ते थांबले आणि म्हणाले की अर्ध्यातून आचारी बदलला आहे. यजमानांनी उठून चौकशी केली, तर मुख्य आचाऱ्याला चक्कर आल्यामुळे गंज त्याच्या भावानं खाली उतरवला होता. कोणत्या विहिरीचं पाणी आहे तेही ते रश्शावरून सांगत. म्हणून बडनेऱ्याच्या विहिरीचं पाणी पिंपांत भरून आमच्या मोटारीच्या टपावरून बाकीच्या तीन हॉटेलांना जाई. प्रवाशांच्या वळकट्या त्या पाण्यानं भिजत आणि शिव्या मी खात असे.

चारी चुलींजवळ मिठाचा चमचा सारखा, तिखटाची वाटी सारखी, डबे एकाच तांबटाकडून एकाच दिवशी घेतलेले. एवढं करूनही तीन मुलींचा रस्सा तीन तऱ्हांचा व्हायचा. पूर्णाचा मिळमिळीत, तापीचा बेताचा, आणि गोदाचा असा की जेवणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येई. रोज नमुना घेऊन नथ्थूजी जात, बोट बुडवत आणि निकाल देत. एकदा पूर्णा काकुळतीनं म्हणाली की मी मीठ तुम्ही दिलेल्या चमच्यानंच टाकलं. नथ्थूजी म्हणाले, "चमचा सारका हाय पोरी, पन हात तुहा हाय." हे बोलतानाही ते गंजातच बघत होते. मुलीकडे बघून बोलताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

मग युद्ध आलं. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारींच्या मागं कोळशाची मोठी टाकी बसवली आणि गाड्या कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या. चालायला म्हणजे काय, चढ आला की प्रवासी उतरून ढकलत. अमरावतीहून सकाळी निघालेली गाडी अकोल्याला कधी पोचेल ते गफ्फारभाईही सांगत नसत. प्रवाशांनी आम्हाला शाप दिले, पण नथ्थूजींच्या हॉटेलांना ते दिवस सुगीचे गेले. लोणीला गाडी तापे, मूर्तिजापूरला विझे आणि बोरगावला अजिबात हलत नसे. लोक एकाच प्रवासात चारदा जेवत. बाळापूरचे एक कापडाचे व्यापारी दर आठवड्याला जात-येत. ते मला म्हणाले की माझं पोट गेल्या वर्षी असं नव्हतं, यावर तुमच्या कंपनीनं काहीतरी विचार करावा.

त्याच सुगीत नथ्थूजी आजारी पडले. मुदतीचा ताप होता. तीन आठवडे ते बडनेऱ्याला खाटेवर होते आणि त्या तीन आठवड्यांत माझी पँट स्वच्छ राहिली. मला ते बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. डायव्हरशेजारच्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही. एक दिवस ते पुन्हा डबा घेऊन रस्त्यावर उभे दिसले. निम्मे झाले होते, मुंडासं कानावर उतरत होतं. गाडीत चढायला मी हात दिला तर तो झिडकारून त्यांनी आधी डबा माझ्या हातात दिला.

त्यानंतर त्यांचे निकाल पूर्वीपेक्षाही झटपट व्हायला लागले. पूर्वी बोट तोंडात घालून ते डोळे मिटत. आता डोळे सताड उघडे असत. बोट तोंडात गेलं की लगेच, मीठ जास्त, मिरची कमी, आणि पुढं. निकाल बरोबरच असत. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

उलगडा मूर्तिजापूरला झाला. त्या दिवशी लोणीला गाडी फारच तापली. इंजिनात गंज किती धरलाय ते मूर्तिजापूरच्या मिस्त्रीला दाखवावं म्हणून गफ्फारभाईंनी पूर्णाकडून एक रिकामा डबा मागून घेतला आणि इंजिनातलं थोडं पाणी त्यात काढलं. ते पाणी लालसर तपकिरी होतं आणि वर तेलाचा तवंग. नथ्थूजींचा नमुन्याचा डबाही तिथंच, तसाच. सगळे डबे एकाच तांबटाकडचे.

मूर्तिजापूरला नथ्थूजी डबा घेऊन तापीच्या चुलीपाशी गेले. मी तिकिटांचं पुस्तक सावरत मागं होतो. त्यांनी झाकण काढलं, तळहातावर चांगलं पळीभर ओतलं आणि पिऊन टाकलं. तापी समोर उभी होती. तिनं डब्यात बघितलं, वास घेतला, आणि तिची मान खाली गेली. तोंडाला पदर लावून ती जमिनीकडे बघत राहिली.

नथ्थूजी तिच्याकडे बघत होते. मग ठामपणे म्हणाले, "मीठ कमी हाय. पन तर्री बरी आली."

तेवढ्यात बाहेरून गफ्फारभाई दुसरा डबा हातात घेऊन धावत आले. दारातच त्यांनी सगळं पाहिलं आणि त्यांचा रंग उडाला. तापीनं मान वर करून त्यांना आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं. मग वडिलांना म्हणाली, "होय बाबा. पूर्णीले निरोप धाडतो मिठाचा." तिनं तो डबा उचलून मागच्या दारी रिकामा केला आणि त्यांना भलामोठा पेला भरून ताक दिलं. आणखी एक दिलं. तिसरा पेला बघून नथ्थूजींनी विचारलं की आज काय आहे. ती म्हणाली, ऊन. गफ्फारभाई त्या दिवशी अकोल्यापर्यंत दर दहा मिनिटांनी त्यांना पोटाचं विचारत होते. नथ्थूजींना काहीही झालं नाही.

परतीच्या फेरीत तापीनं मला बाजूला घेतलं. तापातून उठल्यापासून बाबांच्या जिभेला काही कळत नाही, हे तिला महिन्याभरापासून माहीत होतं. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं आणि ते सगळा चहा पिऊन गेले होते. ती म्हणाली, "कंडक्टरभाऊ, कोनाले सांगू नका. पूर्णीले तं नाईच नाई, ते रडत बसन." मी शब्द दिला.

चार दिवसांनी लोणीला पूर्णानं मला बाजूला घेतलं. तिलाही माहीत होतं. तापीला मात्र सांगू नका म्हणाली, तिच्या पोटात काही राहत नाही. त्याच आठवड्यात बोरगावला गोदानं गळ्याची शपथ घातली, की मोठ्या दोघींना कळता कामा नये, त्या दोघी बाबांना पटकन म्हातारं ठरवतील. आणि बडनेऱ्याला गयाबाईंनी मला भाकरीबरोबर लोण्याचा गोळा वाढला, तेव्हाच मी समजलो. त्या म्हणाल्या की त्यांना चव नाही हे मला एकटीलाच ठाऊक आहे, पोरींना कळू देऊ नका, नाहीतर पोरी मनाला येईल ते रांधतील. पोरी तर कधीपासूनच मनाला येईल ते रांधत होत्या. मी चौघींपाशी चार शपथा घेऊन बसलो. चार स्टॉपांवर उतरताना, कुणाला काय बोलायचं नाही याची मला तिकिटांपेक्षा जास्त काळजी असे.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी कुरणखेडच्या पुढं गाडी विझली. गफ्फारभाई टाकीत कोळसा घालून पंखा फिरवत होते, प्रवासी बाभळीखाली पांगले होते. नथ्थूजी आणि मी मोटारीच्या सावलीत बसलो. ते म्हणाले की मूर्तिजापूरला त्या दिवशी आपण जे प्यायलो तो रस्सा नव्हता, होय ना?

"जिभेवर काहीच लागत नाई," ते म्हणाले. "तापापासून. मीठ नाई, मिरची नाई. माती खाल्ल्यावानी लागते."

मी विचारलं की मग निकाल बरोबर कसे येतात.

ते थोडे लाजले. मग म्हणाले, "पोरीईच्या तोंडाकडे पाहातो. मीठ कमी पडलं असन तं तापी खाली पाहाते. जास्त झालं तं पूर्णी पदर चावते. गोदी लय बोलाले लागली का समजाचं, खाली लागलं." त्यांनी डब्याची कडी दोनदा इकडून तिकडे केली. "इतके वर्स गंजात पाहात होतो, कंडक्टरबाबू. पोरीईकडे आता पाहून राहिलो. पूर्णीच्या गालावर तीळ हाय. मले ठावच नोतं."

मी विचारलं की मुलींना हे माहीत आहे का. ते म्हणाले, कसं माहीत असेल, मी सांगितलंच नाही. तुम्ही सांगू नका. ही माझी पाचवी शपथ.

तर अशी ती एकच चव पुढची दोन-तीन वर्षं चालली. मुली आपल्या हातानं रांधत. ते त्यांची तोंडं बघून निकाल देत. मुली तो निकाल मान्य करून पुन्हा आपल्याच हातानं रांधत. आणि गंमत अशी की गिऱ्हाइकं वाढली. गोदाचा रस्सा खायलाच बोरगावला उतरणारे लोक होते, आणि पोट बिघडलेले लोणीला उतरून पूर्णाचा मागत. हे नथ्थूजींच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही सगळे फार जपत होतो.

युद्ध संपलं आणि नव्या मोटारी आल्या. लांब तोंडाच्या, मऊ गाद्यांच्या. आमच्या मालकांनी जुन्या गाड्या मोडीत काढल्या, गफ्फारभाईही त्याच सुमारास घरी बसले. नव्या डायव्हरबरोबर मी पहिल्या दिवशी लोणीला आलो तेव्हा नथ्थूजी गाडी तापायच्या नेहमीच्या जागी पाण्याची बादली घेऊन उभे होते. त्यांना बघून मी घंटी वाजवली आणि गाडी थांबली. ते बादली घेऊन इंजिनापुढं गेले. डायव्हर खाली उतरलाच नाही. पाणी लागत नाही म्हणाला.

नथ्थूजींनी विचारलं, "कोठी लागन मंग?"

"कुठंच नाही. अकोल्यापर्यंत तापत नाही ही."

त्यांनी इंजिनाच्या जाळीवर तळहात ठेवून पाहिला. मग बादलीतलं सगळं पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले की आज ऊन फार आहे. त्या दिवशी ते गाडीत बसले नाहीत.

त्यांनी प्रयत्न केले. जावयांना रस्त्यावर उभं करून हात दाखवायला लावलं. दामोदरनं तर एकदा धोतराचा झेंडा करून गाडी अडवली, तर आतल्या लोकांना पुढं पूल वाहून गेला असं वाटलं आणि निम्मे प्रवासी उतरून पायी निघाले. एका डायव्हरला गोदाच्या रश्शाची चटक लागून तो रोज थांबायला लागला, तेव्हा कंपनीनं त्याला दुसऱ्या रस्त्यावर घातलं. मला मूर्तिजापूरखेरीज कुठं थांबू नये असा सक्त हुकूम होता. गाडी लोणीवरून जायला लागली की मी तिकिटं फाडण्यात गुंतल्याचं दाखवी. एकदा खिडकीतून पाहिलं, तर नथ्थूजी हात वर करून उभे होते. गाडी थांबवायला नव्हे, मला राम राम करायला. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आधी लोणी बंद झालं, मग बोरगाव. बडनेऱ्याचं छप्पर उतरवून तिथं पुन्हा वांगी लागली. पूर्णाचा नवरा मळा बघायला लागला आणि दामोदरला अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं. तापीचं मूर्तिजापूरचं हॉटेल काही दिवस तगलं, पण मोटारींचा अड्डा गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर तेही राहिलं नाही. नथ्थूजींनी ते बंद करायचा दिवस स्वतःच ठरवला आणि त्या दिवशी तिथं रस्त्यावरच्या सगळ्या जुन्या डायव्हर-कंडक्टर-मिस्त्र्यांना जेवायला बोलावलं. गफ्फारभाई नातवाला घेऊन आले. शाळामास्तर आले. बाळापूरचे व्यापारीही आले, बरेच बारीक होऊन.

त्या दिवशी तिन्ही बहिणींनी मिळून एकाच गंजात रस्सा केला. असं आधी कधी झालं नव्हतं. मीठ कुणी टाकायचं यावर सकाळी बरंच झालं असावं, कारण गयाबाईंचा आवाज बसला होता. पंगत बसली. नथ्थूजी पहिल्या पाटावर. त्यांचा निकाल झाल्याशिवाय वाढायचं नाही म्हणून आम्ही सगळे थांबलो.

त्यांनी बोट तोंडात घातलं आणि डोळे वर केले. तापी खाली बघत होती. पूर्णा पदर चावत होती. आणि गोदा अखंड बोलत होती, उन्हाबद्दल, लाकडांबद्दल, कशाहीबद्दल. नथ्थूजींनी एकीकडून दुसरीकडे बघितलं. मीठ कमी, मीठ जास्त आणि खाली लागलेलं. ते पुन्हा पहिलीपासून बघायला लागले. शेवटी त्यांनी बोट पुसलं.

"मले काही समजत नाई बाप्पा," ते म्हणाले. "मले तापापासून चवच नाई."

तिघी एकदम म्हणाल्या, "आमाले ठाव हाय."

मग तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पूर्णानं तापीला विचारलं की तुला कधीपासून माहीत. तापीनं चहाचं सांगितलं. गोदा म्हणाली की मला त्याच्या आधीपासून माहीत आहे. गयाबाई चुलीकडून बसक्या आवाजात म्हणाल्या की तुम्हा कुणाच्याही आधी मला माहीत होतं. आणि चौघीजणी एकदम माझ्याकडे वळल्या, कारण प्रत्येकीला आठवलं की आपण हे कंडक्टरला सांगितलं होतं. मी पत्रावळीत बघत राहिलो. गफ्फारभाई माझ्या पाठीवर थापा मारत इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सगळ्यांत आधी कुणाला कळलं, यावर पुढं जे भांडण जुंपलं त्यात वाढायचं राहून गेलं. शेवटी नथ्थूजींनीच उठून पळी घेतली आणि पंगतीला वाढलं. मी खाल्लं. रस्सा कसा झाला होता ते खरंच सांगता येणार नाही. पहिल्या घासाला मिळमिळीत वाटला आणि तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. नथ्थूजी शेवटी बसले आणि दोन भाकरी खाऊन उठले.

मला दुपारची अकोल्याची गाडी धरायची होती, त्या दिवशी माझी पाळी तिच्यावर होती. नथ्थूजी मला अड्ड्यापर्यंत पोचवायला आले. हातात माझ्या बायकोसाठी पातोड्यांचा पुडा. पुडा द्यायला ते गाडीत चढले, मागच्या बाकावर गादी कशी आहे म्हणून टेकून बघितलं, आणि डायव्हरनं गाडी काढली. गाव मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं. मी घंटीला हात घातला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

रस्ताभर ते खिडकीशी बसून होते. बोरगाव कधी गेलं ते त्यांना कळलं नाही, उलट दुसऱ्या बाजूच्या प्रवाशाच्या तान्ह्या मुलीशी खेळत होते. अकोल्याला उतरल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "लय लवकर आलं बाप्पा अकोलं."

परतीची गाडी थोड्या वेळानं सुटेल, इथंच बसा, असं सांगून मी कचेरीत हजेरी लावायला गेलो. बाहेर आलो तर ते बाकावर नव्हते. अड्ड्यासमोर एक हॉटेल होतं, त्यात ते दिसले. इतकी वर्षं ते अकोल्याला येत होते, पण दुसऱ्याच्या हॉटेलात त्यांनी पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. आता मात्र बाकावर मांडी घालून ऐसपैस बसले होते. मुंडासं काढून बाजूला ठेवलं होतं. हॉटेलवाला त्यांच्यापुढचं टेबल पुसत होता आणि ते त्याला सोयीचं व्हावं म्हणून दोन्ही कोपर वर धरून होते.

मूर्तिजापूरच्या गाडीनं हॉर्न दिला. मी दारातून हाक मारली. हॉटेलवालाही गडबडीनं त्यांना म्हणाला की बाबा, तुमची गाडी लागली, चहा पटकन आणतो.

नथ्थूजींनी कोपर खाली टेकवले आणि त्याला सांगितलं, "सावकाश येऊ दे, मालक. आपल्याले काई घाई नाई."